तेवीस जूनची नोंद

माझ्या सासऱ्यांना १९५१ सालच्या ब्रिटिश निवडणुकीचा अजून राग आहे. मजूर पक्षाला मतं जास्त मिळाली आणि सरकार मात्र हुजूर पक्षाचं आलं, ही हकिकत ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दरोडा यांच्याच घरावर पडला होता. त्या वेळी ते चार वर्षांचे होते आणि पुण्यात गोवराने अंथरुणाला खिळले होते. पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

पद्माकर त्यांचं नाव, घरात सगळे अण्णा म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि त्यातल्या 'ब्रिटनची शासनपद्धती' या पेपरला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ब्रिटनमध्ये मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही. आम्ही नऊ वर्षं लंडनला होतो, तेव्हा दर उन्हाळ्यात बोलवायचो. "ज्या दारातून एकदा परत पाठवलं, त्या दारात पाहुणा म्हणून जायचं नाही," एवढंच म्हणायचे. कुठलं दार, हे मी कधी विचारलं नाही. सासऱ्यांच्या मानापमानाच्या गोष्टींत शिरलं की बाहेर पडायला वेळ लागतो, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

जर्मनीला मात्र ते आनंदाने आले. यंदा एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर ड्युसेलडॉर्फला उतरले ते सामानात भाजणी, मेतकूट आणि एक जाडजूड वही घेऊन. कापडी बांधणीची, कडा झिजलेली. १९४५ पासूनच्या प्रत्येक ब्रिटिश निवडणुकीचे आकडे तिच्यात आहेत, जागा, मतं, टक्के, आणि खाली अण्णांची टिप्पणी. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना ऱ्हाइनकाठी फिरायला नेलं, तर नदीकडे पाठ करून मला सांगत होते, "मैथिली, युद्ध संपल्यावर हा सगळा मुलूख ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होता. पंचेचाळीसच्या निवडणुकीत मतदान झाल्यावर तीन आठवडे मोजणी थांबवली होती. का? तर परदेशातल्या सैनिकांची मतं पोचायची होती. म्हणजे इथून गेलीयत मतं! इथल्या तंबूत बसून पोरांनी चर्चिलना घरी बसवलं!" शेजारून जाणाऱ्या बाईच्या कुत्र्यानेसुद्धा थांबून पाहिलं.

मतदानावर त्यांचं खरंच प्रेम. इतकं, की त्यांच्या घरात प्रत्येक गोष्ट मतदानाने ठरायची. स्कूटरचा रंग, मे महिन्यात कोकण की महाबळेश्वर, क्षितिजला सायन्सला घालायचं की कॉमर्सला. क्षितिज म्हणजे माझा नवरा. कागदाच्या चिठ्ठ्या, कडधान्याचा रिकामा डबा, आणि निकाल वहीच्या मागच्या पानांवर. मतदार तीन, अण्णा, सासूबाई आणि क्षितिज. मी एकदा ती मागची पानं चाळली होती. सासूबाई सव्वीस वर्षांत एकदाही जिंकलेल्या नाहीत, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक. त्या गेल्यावर अण्णा कौतुकाने म्हणाले होते, "तुझ्या सासूनं कधी निकालाबद्दल कुरकुर केली नाही. खरी लोकशाहीवादी बाई."

लंडनच्या दिवसांबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं तिथलंच आहे.

मी तिथे एका प्रयोगशाळेत होते. क्षयाच्या जंतूंवर औषध चालेनासं का होतं, यावर आमचं काम चाललं होतं. पाच देशांचा प्रकल्प, पैसा युरोपचा. माझी प्रमुख हेलन, साठीची, चहात दोन चमचे साखर घालणारी, माझ्या निबंधातलं एकही वाक्य न खोडणारी. मी पस्तिशीत होते आणि मला माझं काम येत होतं. त्या वर्षांबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

आणि आम्हाला मत होतं. हे इथे कुणाला सांगितलं की खरं वाटत नाही. फ्रेंच माणूस वीस वर्षं लंडनला राहिला तरी त्याला ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपात राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमतात मत नव्हतं, पण आम्ही राष्ट्रकुलातले, म्हणून भारतीय पासपोर्टावर आम्हाला होतं. २०१६ च्या जूनमध्ये, तेवीस तारखेला, धो धो पावसात आम्ही दोघं एका छत्रीतून शाळेच्या हॉलमध्ये गेलो. आमची लेक ऊर्जा, पाच वर्षांची, क्षितिजच्या खांद्यावर. दोरीला बांधलेली पेन्सिल, बुटका फळकुटांचा आडोसा. बाहेर आल्यावर मी उगाच विचारलं, "काय केलंस?" तो म्हणाला, "रिमेन, ऑफ कोर्स. विचारतेस काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल ऐकून मी स्वयंपाकघरात रडले. अगदी मूर्खासारखी, सिंकला धरून. क्षितिजने चहा केला, आलं किसून, कप माझ्या हातात दिला आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "लोक मूर्ख असतात, मैथिली."

पुढचं सगळं हळूहळू झालं. युरोपातल्या जोडीदार प्रयोगशाळा नव्या अर्जांत आमचं नाव घालेनात. भांडण नाही, पत्र नाही, नुसतं नाव नाही. अठरा सालच्या मार्चमध्ये माझा करार संपला तो संपला. एकोणीसला क्षितिजच्या कंपनीने लंडनचं ऑफिस ड्युसेलडॉर्फला हलवलं आणि आम्ही त्याच्यामागून इथे. इथे माझी पदवी चालली, जर्मन चाललं नाही. ते शिकेपर्यंत चाळिशी उलटली. आता मी एका तपासणी केंद्रात अर्धा दिवस रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावते. गेली दहा वर्षं मी त्या न पाहिलेल्या लोकांना शिव्या घालतेय, उत्तर इंग्लंडातल्या म्हाताऱ्यांना, पबमधल्या पुरुषांना, बसच्या रांगेतल्या बायकांना. जेवताना, भांडी घासताना, ट्राममध्ये. आणि दहा वर्षं क्षितिज मान हलवतोय.

मागच्या मंगळवारी हेलनचा मेल आला. ती निवृत्त व्हायची होती, झाली नाही. ब्रिटन पुन्हा युरोपच्या संशोधन योजनेत आलं आहे, जुना प्रकल्प नव्याने उभा राहतोय, दोन वर्षांची जागा आहे. "मला जाहिरात द्यायची नाही," तिने लिहिलं होतं, "मला तू हवी आहेस. पुढच्या शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळव. नंतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." मी तो मेल केंद्राच्या बाथरूममध्ये चार वेळा वाचला.

घरी सांगितलं तेव्हा क्षितिजने हातातला फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "परत तिथे? ज्या देशाने आपल्याला अक्षरशः हाकललं? तूच म्हणतेस ना रोज?"

"दोनच वर्षं. दर पंधरा दिवसांनी येईन."

"ऊर्जाचं दहावीचं वर्ष. माझं ट्रॅव्हलिंग. शिवाय आपली आइनब्युर्गरुंगची फाइल चालूय, नागरिकत्व मिळायच्या वेळेला तू देशाबाहेर? आल्झो, म्हणजे मी नको म्हणत नाहीये. तूच विचार कर."

नको म्हणत नाहीये, असं म्हणून नको म्हणायची त्याची हातोटी आहे. अण्णांनी मात्र टाळी वाजवली. "वाद कशाला? रविवारी मतदान घेऊ. ऊर्जापण मतदार. चार मतं."

रविवारी जेवण झालं. डबा कॉफीचा होता, चिठ्ठ्या सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदाच्या. एका चिठ्ठीमागे श्पार्गेलची जुडी, म्हणजे इथला पांढरा शतावरीचा कोंब, अण्णा त्याला पांढऱ्या शेवग्याच्या शेंगा म्हणतात. 'जावे' किंवा 'जाऊ नये', दोनच पर्याय. अण्णांनी एकेक चिठ्ठी उघडून खणखणीत वाचली. "जाऊ नये. जाऊ नये. जावे. जाऊ नये." आणि हसून म्हणाले, "मैथिली, डिपॉझिट गेलं गं तुझं!"

क्षितिजने माझ्या खांद्यावर थोपटलं. मीही हसले. संध्याकाळी त्यानेच मला नकाराच्या मेलचा मसुदा सुचवला, अगदी सभ्य, आभार मानणारा. तो मी ड्राफ्टमध्ये ठेवला. शुक्रवार अजून लांब होता.

आता जे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही ते सांगते. 'जावे' ही चिठ्ठी माझी नव्हती. मी 'जाऊ नये' लिहिलं होतं. पेन हातात घेतलं आणि मनात आलं, ही तिघं आपल्या प्रेमाची माणसं आहेत, ही 'जावे' लिहितील, आणि आपण एकटीने नाही म्हटलेलं बरं दिसेल. ते आग्रह करतील, मी आढेवेढे घेईन, मग जाईन. मला तीन विरुद्ध एक असंच हरायचं होतं, फक्त उलट्या बाजूने. आणि ती एकुलती एक 'जावे' ज्या अक्षरात होती, ते ओळखायला मला चष्मा लागला नाही. दुसरीतल्या मुलासारखं वाकडं, 'व'चं पोट फुगलेलं. पंधरा वर्षांच्या माझ्या लेकीने मला जा म्हटलं होतं, आणि मी स्वतःला नको म्हटलं होतं.

ऊर्जाला शाळेत रेफराट होता, म्हणजे वर्गापुढे विषय मांडायचा. युद्धापासून ब्रेक्झिटपर्यंतच्या ब्रिटिश निवडणुका. सार्वमताला दहा वर्षं होताहेत म्हणून राज्यशास्त्राच्या बाईंनी तिला मुद्दाम दिला, लंडनला जन्मलेली म्हणून. सोमवारी तिने बापाची मुलाखत फोनवर रेकॉर्ड केली. 'त्या दिवशी मत दिलेला माणूस' असा तिला एक साक्षीदार लागत होता. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. क्षितिज सोफ्यावर ताठ बसून जर्मनमध्ये सांगत होता, आम्ही दोघांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं, आम्हाला युरोप आपला वाटत होता, दुसऱ्या दिवशी फार दुःख झालं. छान बोलला. अण्णा तेव्हा खाली फिरायला गेले होते.

बुधवारी दुपारी अण्णांनी नातीला वहीच देऊन टाकली. "ही घे. पुस्तकातलं सगळे सांगतील. हे मूळ साधन आहे." आणि आत जाऊन वामकुक्षीला पडले. ऊर्जाला अण्णांचं अक्षर लागेना, म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो. मी मराठी वाचायची, जर्मन करून सांगायची, ती लॅपटॉपवर टिपायची. चूक झाली की तीच सुधारायची.

मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पंचेचाळीसची सैनिकांची मतं. एक्कावन्नच्या पानावर तांबड्या शाईत 'अन्याय' आणि दोन रेघा. चौसष्टला चार जागांचं बहुमत. चौऱ्याहत्तरला एकाच वर्षात दोन निवडणुका, त्यातल्या पहिलीत पुन्हा ज्याला मतं जास्त तोच हरला. "आजोबा इस्ट आइन नर्ड," ऊर्जा म्हणाली, आजोबा पक्के पुस्तकी किडे आहेत असं, पण कौतुकाने. एकोणऐंशी, सत्त्याण्णव, दहा साल, पंधरा साल. मी पान उलटलं.

'२३ जून २०१६, गुरुवार. सार्वमत. मतदान ७२.२ टक्के. राहावे ४८.१. बाहेर पडावे ५१.९.' हे मी सांगितलं, तिने टिपलं. खाली अण्णांची टिप्पणी होती.

'चि. क्षितिजने सकाळी फोन करून विचारले. बाहेर पडावे असे सांगितले. त्याप्रमाणे केले. संध्याकाळी कळवले. चि. सौ. मैथिलीचे मत विरुद्ध. दोन्ही मते परस्पर रद्द. घराचे एकूण योगदान शून्य.'

"उंड?" ऊर्जा म्हणाली. पुढे? "आई, वास श्टेट डा?" काय लिहिलंय तिथे?

मी ते पुन्हा वाचलं. अक्षर स्वच्छ होतं. अण्णा आकड्यांत कधी खोटं लिहीत नाहीत, हे मी स्वतः दहा ठिकाणी कौतुकाने सांगितलेलं आहे. मी ऊर्जाला म्हटलं, "थांब जरा. हे मी मग सांगते." आणि उठून नळाखाली हात धरले. हात स्वच्छच होते.

अण्णा चार वाजता उठून आले, चहा मागितला. मी वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली. म्हटलं, "अण्णा, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही नव्हतं, हेच मला सहन होईना. "बरोबर आहे की. का, टक्क्यांत चूक आहे?"

"क्षितिजने मला सांगितलं होतं, त्याने राहण्याच्या बाजूने मत दिलं."

"ते मला माहीत नाही. तुमच्या दोघांतलं." मग चष्मा काढत म्हणाले, "मी सल्ला दिला. अभ्यास करून दिला. तुला ऐकायचंय?"

मी बसले. ऊर्जाही बसली. तिला मराठी सगळं कळतं, बोलत नाही एवढंच.

"मी पंचवीस वर्षांचा होतो," अण्णा म्हणाले. "तेव्हा राष्ट्रकुलातल्या शिक्षकांना तिकडे कामाचं व्हाउचर, म्हणजे परवाना, मिळायचं. मी अर्ज केला होता. दिवसा शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी ग्रंथालयात बसून एक्कावन्नच्या निवडणुकीवर प्रबंध लिहायचा. नंबर लागत आला होता. आणि कायदा बदलला. नवा कायदा लागू झाला १ जानेवारी १९७३ ला. व्हाउचर बंद. आणि त्याच दिवशी, मैथिली, त्याच तारखेला, ब्रिटन युरोपात गेलं. आमच्या तोंडावर दार लावलं आणि त्याच सकाळी मागचं दार सताड उघडलं, इटलीच्या वेटरला, जर्मनीच्या सुताराला. मी त्यांची संसद तोंडपाठ शिकवायचो, माझा अर्ज परत आला. त्रेचाळीस वर्षांनी माझ्या मुलाच्या हातात त्याच देशाची मतपत्रिका आली. मी त्याला काय सांगायला हवं होतं?"

मला त्या पंचवीस वर्षांच्या पद्माकरची खरंच दया आली. आणि समोर बसलेल्या अण्णांचा इतका संताप आला की कपाची बशी मी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"माझी नोकरी गेली त्यात, अण्णा."

"एका मताने नाही गेली. मी लिहिलंय ना, परस्पर रद्द." ते मला समजावत होते, वर्गातल्या हुशार पण हट्टी मुलीला समजवावं तसे. "शिवाय माझं म्हणणं खरंच ठरलं. नंतरचे आकडे बघ. आपल्या लोकांना तिकडचे व्हिसे केवढे वाढले!"

ते खरं आहे. वाढले. फक्त आम्ही तोवर ड्युसेलडॉर्फला होतो.

क्षितिज साडेपाचला आला. बूट काढता काढताच त्याने टेबलावरची वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक बूट पायात तसाच राहिला.

"तू काय मत दिलं होतंस?" मी विचारलं.

"कशाचं?"

"क्षितिज."

तो अण्णांकडे बघायला लागला. अण्णा खिडकीबाहेर. "मैथिली, हे बघ. दहा वर्षं झाली. आणि... मतदान गुप्त असतं. प्रत्येकाचा हक्क आहे तो."

"मग अण्णांना कसं कळलं?"

मी पुढे विचारत गेले, कारण थांबले असते तर रडले असते आणि रडल्यावर तो चहा करायला उठला असता. "सकाळी फोन केलास. मी ऊर्जाचं दप्तर भरत होते तेव्हा, ना? मला सांगितलंस की अण्णांचं ब्लडप्रेशर विचारतोय. मग माझ्या छत्रीतून आलास. माझ्या. आणि बाहेर येऊन खोटं बोललास. तेही समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी मी सिंकशी उभी राहून रडत होते, तेव्हा तुला काय वाटत होतं?"

"भीती वाटत होती," तो म्हणाला. हे पहिलं खरं वाक्य असावं. "मला वाटलंच नव्हतं जिंकतील म्हणून. सगळे म्हणत होते हरणार. म्हटलं, अण्णांच्या मनासारखं होईल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि नंतर तू रोज शिव्या घालायला लागलीस त्या लोकांना. रोज. मग कधी सांगणार होतो मी?"

"सोमवारी," मी म्हटलं. "ऊर्जाने विचारलं तेव्हा."

ऊर्जा बापाकडे बघत नव्हती. ती लॅपटॉपच्या कडेवरून नख फिरवत होती. लंडनहून आलो तेव्हा आठ वर्षांची होती, इथल्या शाळेत सहा महिने एका शब्दाने बोलली नव्हती. तेव्हाही असंच बाकाच्या कडेवरून नख फिरवायची, असं बाईंनी सांगितलं होतं.

आणि तिथे उभी असताना मला रविवार आठवला. त्याने अण्णांसाठी मत दिलं, चांगला मुलगा दिसावा म्हणून, बाकीचे सांभाळून घेतील या भरवशावर. मी काय वेगळं केलं होतं? चांगली बायको दिसावी म्हणून स्वतःच्या विरुद्ध चिठ्ठी टाकली, त्याच भरवशावर. आम्ही दोघं एकाच डब्यातले. फरक एवढाच की त्याच्या मताची किंमत मी मोजली, आणि माझ्याही मताची मीच मोजणार होते. शरम वाटली, पण रागाहून कमी.

"अण्णा," मी म्हटलं, "रविवारच्या निकालात मला दुरुस्ती हवीय. विरोधातलं एक मत माझं होतं."

क्षितिजने मान वर केली. अण्णांना क्षणभर खरंच कुतूहल वाटलं. "तुझं? मग बाजूने कोण?"

"गुप्त मतदान आहे," मी म्हटलं. ऊर्जाने नख फिरवायचं थांबवलं.

अण्णांनी वही जवळ ओढली, मागचं पान काढलं. रविवारची नोंद होतीच. 'मैथिली लंडन प्रस्ताव. बाजूने १, विरुद्ध ३. फेटाळला.' त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "पण बाळ, दिलेलं मत परत घेता येत नाही. तशी तरतूद नाही."

"मला माहीत आहे. दहा वर्षं तेच बघतेय." मी फोन काढला. "मत परत घेत नाही. निकाल तुमच्या वहीत तसाच राहू दे."

ड्राफ्टमधला तो सभ्य नकार मी पुसला. वर हेलनचं नाव तेवढं ठेवलं. दोन ओळी लिहिल्या, की मी येतेय, तारीख कळव. क्षितिज म्हणाला, "मैथिली, एक मिनिट. निदान बोलूया. असं एकटीने कसं ठरवतेस? निदान विचारायचं तरी."

"कुणाला?" मी म्हटलं. "तू फोन केला होतास. मी कुणालाच करत नाहीये." आणि पाठवून दिला.

ऊर्जाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि शाळेत हात वर करून विचारतात तसं विचारलं, आई, मग त्या ओळीचं काय? उद्या सादर करायचंय. मी वही पुढे घेतली आणि ती टिप्पणी तिला जर्मनमध्ये सांगितली, एक शब्द गाळला नाही. सकाळी फोन करून विचारले, इथपासून योगदान शून्य, इथपर्यंत. ती टाइप करत राहिली. बापाची मुलाखत तिने पुसली का ठेवली, मी पाहिलं नाही. तिचा रेफराट, तिने ठरवावं.

क्षितिज खुर्चीवर बसला होता, एक बूट अजून पायात. दोन्ही हातांनी तोंड झाकून. तो रडत होता, आवाज न करता, आणि मला ते बघून बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. मी गॅसकडे गेले, आलं किसलं, चहा टाकला. कप त्याच्यासमोर ठेवला. पाठीवरून हात फिरवला.

"लोक मूर्ख असतात, क्षितिज," मी म्हटलं.